न चाखलेलं पातेलं

"तोंड उघडा," काकू म्हणायच्या आणि काका तोंड उघडायचे.

रोज दुपारी, समोरच्या बस डेपोचा भोंगा व्हायच्या जरा आधी, त्या स्वयंपाकघरात हा कार्यक्रम ठरलेला. शेगडीवर भलंमोठं पातेलं. त्यात कधी मटण आणि नवलकोल, कधी कोंबडी आणि पालक, कधी खिमा भरलेल्या ढोबळ्या मिरच्या एकमेकींना खेटून बसलेल्या. काकू लाकडी चमच्यात थोडा रस्सा घ्यायच्या, फुंकर मारमारून निववायच्या, दुसरा तळहात चमच्याखाली धरायच्या आणि साठी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या, चांगल्या धिप्पाड नवऱ्याला तो भरवायच्या. मग त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून उभ्या राहायच्या. काका रस्सा जिभेवर घोळवायचे, डोळे मिटायचे, त्यांची एक भुवई वर जायची. "मीठ एक चिमूट," ते म्हणायचे. किंवा "झालं, उतरव." काकू सांगितलं तसं करायच्या, आणि बाहेरच्या खोलीत लांब बाकांवर टेकलेल्या वीस-पंचवीस ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ताटल्या वाजू लागायच्या.

हे सगळं कशासाठी, तर काकूंनी जन्मात कधी मटण खाल्लं नव्हतं.

ऐकणाऱ्याला वाटायचं, यामागे काहीतरी कथा असणार. नवस असेल, लहानपणी पाळलेलं कोकरू असेल, कुणाला दिलेला शब्द असेल. तसलं काहीएक नव्हतं. आईनं भरवलं, पोरीनं ओकून टाकलं. परत भरवलं, परत ओकलं. नुसत्या रश्श्यात बुडलेला बटाटासुद्धा तिच्या पोटात टिकायचा नाही. शेवटी आईनंच नाद सोडला. "अंगाला सोसत नाही, त्याला मी काय करू?" काकू लोकांना सांगायच्या, आणि कथा ऐकायला सरसावून बसलेली माणसं हिरमुसली व्हायची. आणि अशा बाईच्या हातचं खायला अख्खा डेपो आपलं पंख्याखालचं, संगमरवरी टेबलांचं कँटीन सोडून मागच्या गल्लीतून त्यांच्या दारात यायचा, याला काय म्हणाल?

सुरुवात सासूबाईंनी केली. त्या घरात मांसाशिवाय भाजी शिजत नसे आणि भाजीशिवाय मांस. नव्या सुनेनं खात नाही म्हणून सांगितलं तेव्हा सासूबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नको खाऊस. पण हात लावायला तरी अंगाला सोसतं ना?" हात लावायला सोसत होतं. मग त्यांनी तिला शिकवलं: कांदा किती लाल करायचा, हाड कुठल्या बाजूनं फोडायचं, गाजर कधी टाकायचं आणि फरसबी कधी. पुढे सासूबाई गुडघ्यांनी बसल्या जागच्या झाल्या आणि पहिल्यांदा पातेलं एकटीच्या हातात आलं, तेव्हा काकूंनी दाराआडून हाक मारली, "अहो, जरा इकडे येता का? कसं झालंय कळत नाही." काका आले, चमचा तोंडात घेतला आणि त्यांचं तोंड असं काही फुललं, की काकूंना सगळं कळलं. त्या दिवसापासून काकूंची जीभ काकांच्या तोंडात राहायला गेली.

बाकी सगळं मात्र त्यांचं स्वतःचं होतं. काका स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलता सोलता त्यांच्याकडे बघत राहायचे. काकू पातेल्याकडे कान द्यायच्या. "नवलकोल अजून खडखडतोय," त्या म्हणायच्या, "शिजला की गप्प बसेल." आणि खरंच, थोड्या वेळानं उकळीचा आवाज जाड व्हायचा आणि त्यातली खडखड थांबलेली असायची. मटणाचा तुकडा त्या दोन बोटांत धरून नुसता दाबायच्या आणि परत सोडायच्या. वाफ नाकावर घ्यायच्या, पण लांबून, मान जरा वाकडी करून. जवळून घेतली तर पोटात ढवळायचं. ज्या वासानं ढवळतं त्याच वासावरून मसाला कच्चा की पक्का ते ओळखायचं, हे कोडं काकांना कधी सुटलं नाही. ते आपले लसूण सोलत बघत बसायचे.

आता काकांबद्दल. काका नळाच्या तोट्यांना मुलामा चढवायच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. पितळी तोट्या तारेला अडकवायच्या, एका हौदातून दुसऱ्या हौदात बुडवायच्या, की चकचकीत होऊन बाहेर. हौदांमधून वाफ यायची, पिवळसर, घशात रुतणारी. तोंडाला फडकं बांधून काम करायचं, एवढीच काय ती काळजी. उभी हयात त्या वाफेत काढल्यावर काकांच्या लक्षात आलं, की आपल्याला वास येईनासे झालेत. साबण, पेट्रोल, सांडलेलं दूध, सगळं सारखं. त्यांनी मनावर घेतलं नाही. वास गेला तर गेला, गटाराचाही गेला.

मग एका दुपारी काकूंनी कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून शिजवला होता. काकांचा लाडका पदार्थ. त्यांनी मोठा घास घेतला आणि चावता चावता थांबले. तोंडात ओला पुठ्ठा होता. दुसरा घास घेतला. पुठ्ठाच. त्यांनी वर मीठ घेतलं, मग आणखी घेतलं. पुठ्ठ्यावर वाळू पडल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून बघितली, जिभेवर काय काय थेंब टाकले आणि आत जळून गेलंय, आता परत येणार नाही, असं सरळ सांगून टाकलं. काका घरी निघाले ते बायकोला सांगायचं ठरवूनच. पण घरात पाय टाकला तर काकू पातेल्याशी उभ्या. चमच्यावर फुंकर मारणं चाललेलं. "कुठे होतात? भोंगा व्हायची वेळ झाली. तोंड उघडा."

काकांनी तोंड उघडलं. सांगायला नव्हे, चमच्यासाठी.

तेवढ्या वेळात त्यांना एक जुनी गोष्ट आठवली होती. एकदा ते भावाकडे आठवडाभर राहायला गेले होते, तर काकूंनी सगळा आठवडा ड्रायव्हरांना डाळ आणि भाजी खिलवली. लोकांनी विनवण्या केल्या, रुसले, कँटीनला जायची धमकी दिली. काकू ढिम्म. "त्यांच्या जिभेशिवाय मला पातेल्यातलं काही दिसत नाही," म्हणाल्या. म्हणजे जीभ मेली हे कळलं, की ही बाई पातेलं खाली ठेवणार. कायमचं. आणि हिनं पातेलं खाली ठेवलं, की हिचं उरतं काय? ती रांधायला उभी राहिली की दोन बोटं उंच दिसते, हे काकांनी रोज बघितलेलं होतं.

तर तोंडात चमचा, जिभेवर काही नाही, आणि समोर बायकोचे दोन डोळे. काय बोलावं? काकांनी घाबरून तिच्याकडे बघितलं. तिचा उजवा हात मिठाच्या डब्याकडे निघाला होता आणि वाटेतच थबकला होता.

"मीठ," काका म्हणाले. "एक चिमूट."

"मला वाटलंच," काकू म्हणाल्या.

बाहेर लोकांनी ताटल्या पावानं पुसून खाल्ल्या. काका दारात उभे राहून बघत होते.

त्यानंतर काका बायकोला वाचायला शिकले. मसाला कच्चा असेल तर काकू झाकण अर्धवट ठेवायच्या. आंबट कमी असेल तर टोमॅटोच्या टोपलीकडे त्यांची नुसती मान वळायची. आणि सगळं जमून आलेलं असेल, तर काकांच्या तोंडात चमचा असतानाच त्यांचा दुसरा हात पातेलं उतरवायच्या फडक्यावर गेलेला असायचा. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. त्या विचारायच्या आणि उत्तर त्यांच्याच हातात असायचं. काका ते फक्त भुवई उडवून बोलून दाखवायचे. बारा-तेरा वर्षं असं चाललं. त्या पातेल्यातला थेंबही रांधणारीनं चाखलेला नव्हता, आणि ज्याला चाखायला उभं केलं होतं त्यालाही तो कळलेला नव्हता. तरी एक दिवस मीठ चुकलं नाही. एक दिवस तुकडा चिवट निघाला नाही.

काकांना कधी कधी हे कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटायचं. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा दंड धरून सांगावं, की अहो, माझ्या घरात काय घडतंय तुम्हाला माहीत आहे का? पण ज्याला सांगावं तो काकूंना सांगणार, आणि मग सगळंच संपलं. म्हणून गिळून बसायचे. तसंही त्यांना दुसरं काय गिळण्यासारखं लागत होतं!

मग डेपोचे हेड मिस्त्री निवृत्त झाले.

हे मिस्त्री म्हणजे काकूंच्या बाकावर बसलेलं पहिलं गिऱ्हाईक. भरघोस मिशा, बोलणं मोजकं, खाणं अजिबात मोजकं नाही. डेपोनं त्यांना हॉलमध्ये जेवण द्यायचं ठरवलं होतं. मिस्त्री म्हणाले, "मला हॉल नको. काकूंचं मटण-नवलकोल द्या, शाल त्यांच्याच ओसरीवर घाला." साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे येणार होते. काकूंनी शेजारणीकडून आणखी एक पातेलं आणलं. आदल्या संध्याकाळी मटणाला मीठ आणि लिंबू चोळून ठेवलं आणि रात्रीत त्यांना पडसं झालं.

साधंसुधं पडसं नव्हे. नाक गच्च, कान बंद, अंगात कणकण. सकाळी काकूंना उकळीचा आवाज येईना आणि वाफेचा वास येईना. "अहो, आज सगळं तुमच्यावर," त्या नाक पुसत म्हणाल्या. "मला आज काही म्हणजे काही कळत नाहीये."

आजवर दोघांत मिळून एक नाक तरी धड होतं. आज दोन माणसं, दोन पातेली, आणि चव कळणारं त्या स्वयंपाकघरात मांजरसुद्धा नाही. खरं तर तेव्हाच बोलायचं. पण ओसरीवर सतरंज्या पडत होत्या, मिस्त्री नवा सदरा घालून आले होते. काका लसूण सोलायला बसले. माणूस वर्षानुवर्षं एका वाटेनं गेला, की पुढे खड्डा दिसत असतानाही पाय त्याच वाटेनं पडतो.

"तोंड उघडा."

रस्सा तोंडात आला, गरम. काकांनी सवयीनं बायकोकडे बघितलं. काकूंचा चेहरा कोरा होता, डोळे पाण्यानं भरलेले. पण हात मिठाच्या डब्यावर होता. डब्यावर ठेवलेला आणि हलत नव्हता. आपण काल चोळताना घातलं, मग आज सकाळी परत घातलं की नाही, हे त्या आठवत होत्या. काकांना ते कसं कळावं? हात इतका वेळ डब्यावर, म्हणजे मीठ खूपच कमी.

"मीठ पाहिजे," ते म्हणाले. "चांगलं मूठभर."

"मूठभर?"

"पातेलं केवढं आहे!"

काकूंनी या पातेल्यात एक मूठ घातली, त्या पातेल्यात एक मूठ घातली.

मिस्त्रींच्या अंगावर शाल पडली, टाळ्या झाल्या, पहिली ताटली त्यांच्यापुढे आली. मिस्त्रींनी मोठा घास घेतला. मिशा हलल्या आणि थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं, खाली मान घातली आणि पुढचा घास घेतला. काकांना भरून आलं. माणूस कामावरून उतरताना हळवा होणारच! बाकीचेही गप्प जेवत होते. एरवी तिथे कोण कलकलाट असायचा, पण आज कुणी चकार शब्द काढत नव्हतं, नुसते पाण्याचे तांबे इकडून तिकडे फिरत होते. मिस्त्रींवर लोकांचा जीव आहे बघा, असं काकांच्या मनात आलं. एक तरुण कंडक्टर खोकत उठून बाहेर गेला. फारच हळवा दिसतोय, काकांना वाटलं. ते स्वतः पंगतीच्या कडेला बसून पावानं ताटली निपटत होते.

काकू परत वाढायला बाहेर आल्या. कुणीच ताटली पुढे करीना. त्यांनी रिकामे तांबे बघितले, भरलेल्या ताटल्या बघितल्या.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "खरं सांगा."

"छान झालंय, काकू." मिस्त्रींचा आवाज घोगरा झाला होता.

"मिस्त्री."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "थोडं मीठ... जरा पुढे गेलंय. चालायचंच. एवढ्या वर्षांत एकदा."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या, आणि त्या सगळ्या खाली गेलेल्या मानांमधून काकूंना आपला नवरा दिसला. हातात पावाचा शेवटचा तुकडा, पुढे लख्ख पुसलेली ताटली. काकांनी पावाचा तुकडा हळूच खाली ठेवला. आता त्यानं काय होणार होतं?

काकूंनी सगळ्या ताटल्या उचलल्या, पटकन अंडी फोडली, बटाटे तळले, पाव कापला आणि माणसं उपाशी जाऊ दिली नाहीत. काकांशीही भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे काही दिवस बाकांवरच्या लोकांना डाळ आणि कोबी मिळाली. लोक निमूट जेवले. काकूंचं पडसं ओसरलं, नाक मोकळं झालं, तरी कसायाकडे जायचं नाव नाही.

मग एक दिवस काका बाहेरून आले, तर काकूंनी मोठं पातेलं घासूनपुसून पालथं घातलेलं. "हे माळ्यावर टाका," त्या म्हणाल्या. "लागणार नाही आता."

काका पातेल्याजवळ गेलेच नाहीत. पाटावर बसले. ज्याला इतकी वर्षं भीत होते तेच दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि आता भिऊन उपयोग नव्हता.

"नाही टाकणार," ते म्हणाले.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"कारखाना सुटायच्या आधीपासून."

काकूंनी मनातल्या मनात हिशेब केला. "आणि ती भुवई?"

"कुठली भुवई?"

"वर जायची ती. तिच्या भरवशावर मी डेपो जेवू घातला!"

"तुझ्या हाताकडे बघून उडवायचो मी ती," काका म्हणाले, आणि मग त्यांचा बांध फुटला. झाकण, टोमॅटोची टोपली, फडक्यावर जाणारा हात, सगळं त्यांनी सांगितलं. उठून, हातवारे करून, तिची नक्कल करून दाखवली. "तुला कळायचं, गं! न चाखता कळायचं. मी नुसता भोंगा होतो. परवा चुकलं ते तुझं नाक बंद होतं म्हणून. मी घरी बसून रोज बघायचो, आणि देवाशपथ सांगतो, माझी छाती धडधडायची. कुणी न चाखलेलं पातेलं, आणि लोक बोटं चाटत घरी जातात. तुझ्या हाताला जीभ आहे. आणि ते पातेलं तू माळ्यावर टाकतेस?"

त्यांना वाटलं होतं, आता एक तर ती भडकेल, नाही तर तिला जरा बरं वाटेल. काकूंनी दोन्हीपैकी काही केलं नाही. त्या त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जसं काही बाकीचं बोलणं त्यांच्या कानावरून गेलंच नव्हतं.

"मग तुम्ही काय जेवत होतात?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"इतकी वर्षं. दोन्ही वेळा. मी तुमच्या ताटात वाढत होते ना? ते तुम्हाला काय लागत होतं?"

काकांच्या ओठांवर सवयीचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते मागे घेतलं. "काही नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही?"

"गरम लागायचं."

काकू पालथ्या पातेल्यावर मटकन बसल्या आणि तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडायला लागल्या. लग्नात रडल्या नव्हत्या, सासूबाई गेल्या तेव्हाही एवढ्या रडल्या नव्हत्या. काका गडबडून गेले. "अगं, पोट भरत होतं की माझं," ते म्हणत राहिले.

"पोट!" काकू पदराआडून ओरडल्या. "रस्त्यावरच्या लोकांच्या जिभेला दिलं सगळं, आणि घरात तुमचं नुसतं पोट भरलं मी! मला वाटायचं, वय झालं म्हणून मागून घेत नाहीत. तेरा वर्षं नुसतं गरम खाल्लात आणि वर 'झालं, उतरव' म्हणत राहिलात?"

पातेलं माळ्यावर गेलं नाही, कारण रडून झाल्यावर काकूंनी डोळे पुसले आणि काकांना खुर्चीत बसवून घेतलं. "डोळे मिटा. तोंड उघडा." काहीतरी जिभेवर आलं. "काय लागतंय?" काही नाही. "हे?" थंडगार होतं, टोकदार; बर्फाचा खडा. "हे?" दाताखाली कटकन मोडलं: मुळा. "हे?" आणि काका खुर्चीतून उडाले. नाक, कान, टाळू, सगळ्यातून जाळ निघाला होता. काकूंनी कच्ची मोहरी आणि हिरवी मिरची वाटून त्यांच्या जिभेवर ठेवली होती. काका पाणी पाणी करत घरभर फिरले. काकू मात्र खुर्चीपाशी उभ्या राहून बोटांवर मोजत होत्या: गार, कडक, झणझणीत. आणि गुळगुळीत, आणि चुरचुरीत. "आहे की बरंच," त्या स्वतःशीच म्हणाल्या. काकांनी खोकता खोकता त्यांच्याकडे बघितलं आणि ओळखलं. त्या दोन बोटं उंच झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना निरोप गेला, की तुमचं जेवण राहिलंय, या.

मटण आलं, नवलकोल आला. काका लसूण सोलून पाटावरून उठले आणि भोंग्याची वेळ होत आली तसे सवयीनं शेगडीजवळ जाऊन उभे राहिले. काकूंनी झाकण काढलं, लांबून, मान वाकडी करून वाफ घेतली. कान दिला. त्यांचा हात मिठाच्या डब्याकडे निघाला, वाटेत थबकला. काकांचं तोंड अर्धं उघडलेलं. काकूंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू तो त्यांना आज पहिल्यांदाच दिसत होता. मग एक चिमूट घेऊन पातेल्यात सोडली, फडकं उचललं आणि पातेलं उतरवलं.

"सरका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मधे मधे करू नका."

काका सरकले. बाहेर ताटल्या गेल्या. मिस्त्रींनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि मग पावाचा अख्खा तुकडा रश्श्यात बुडवून डोळे मिटून चावत बसले. थोड्याच वेळात बाकांवर असा गलका उडाला, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. काका दारात उभे होते. आज कुणाच्या भुवईनं काही सांगितलं नव्हतं, आणि पातेलं जसंच्या तसं जमलं होतं. त्यांना वाटलं, आपण इथे उभे आहोत हे भाग्य. याहून जास्त काही माणसाला बघायला मिळत नाही.

"इकडे या," काकूंनी आतून हाक मारली.

स्वयंपाकघरात खुर्चीपुढे एक वेगळी ताटली होती. त्यातलं मटण लोखंडी तव्यावर कडा काळ्या होईपर्यंत भाजलेलं होतं, दाबलं तर कुरकुरणारं. नवलकोल कच्चा, किसून बर्फात ठेवलेला. कांद्याच्या तळलेल्या काड्यांचा ढीग, एक नळीचं हाड, आणि कडेला मोहरी-मिरचीचा तो हिरवा गोळा, आज जरा बेतानं. बाजूला शेगडीवर बाहेरच्यांसाठी दुसऱ्या वाढपाचा भात रटरटत होता.

काका बसले. मटणाची कड दातांखाली फुटली, पाठोपाठ गार, ओला नवलकोल करकरला, कांदा चुरचुरत विरघळला आणि मिरची नाकातून डोळ्यांपर्यंत चढली. त्यांनी नळी उचलली आणि आतला मऊ, कढत मगज ओढून घेतला. त्यांच्या टकलावर घाम आला, नाक वाहायला लागलं, डोळ्यांतून पाणी गळून हनुवटीवर आलं. पुसायचं भान त्यांना नव्हतं. तोंड भरलेलं असताना ते हसायला लागले.

"लागतंय," ते म्हणाले. "अगं, लागतंय!"

काकूंनी कोपऱ्यातला पाट ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा मटणाच्या ताटलीसमोर बसल्या. बाहेरून मिस्त्रींचा आवाज आला. "काकू, भात करपतोय हो! इथपर्यंत वास येतोय!"

काका उठायला लागले, तसा काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. त्यांची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलली नव्हती.

"मलाही येतोय," त्या म्हणाल्या. "करपू दे. तुम्ही जेवा."